शेळीच्या गळ्यातली पट्टी

मी एक जुनी क्रेप बँडेजची पट्टी आहे. मित्रांनो, आपली कहाणी गोड शब्दांत सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही, कारण माझ्या अंगाला अजून शेळीचा वास येतो.

कारखान्यात मला पिळाच्या सुताने विणले, म्हणून मी ताणली तरी पुन्हा जागेवर येते. मूल गावच्या राईस मिलमध्ये पोते उचलताना लटारूभाऊंचा गुडघा लचकला, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या पायाला गुंडाळले. दहा दिवस मी तो गुडघा धरून ठेवला. "मोठी गुणाची पट्टी हाये," असे लटारूभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पाय बरा झाला आणि मी खुंटीवर गेले. तिथून सायकलच्या कॅरिअरवर, आणि दावे तुटले त्या दिवशी थेट शेळीच्या गळ्यात.

त्यांची मुलगी पुनम पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर धावायची. ही तिची शेवटची संधी होती, पुढच्या भरतीला तिचे वय उलटणार होते. चाचणी वीस दिवसांवर आली आणि धानाच्या रोवण्याच्या चिखलात, शेताच्या निसरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिचा घोटा मुरगळला. हाड मोडले नव्हते. लंगडत का होईना, ती पायावर घरी आली. सांधा धरणारे आतले बंध ताणले गेले होते.

पण गावात पायाळू असताना दवाखान्यात कोण जातो? गुणवंतराव जन्मताना पायांकडून बाहेर आले, म्हणून त्यांच्या पायात गुण आहे असे सगळे मानतात. कंबरेत उसण भरली की लोक त्यांची लाथ खायला जातात. उसण चार दिवसांत आपोआप उतरते आणि नाव लाथेचे होते.

गुणवंतराव आले. त्यांनी तेल लावून घोटा खसाखसा चोळला, मग टाचेने दाबला.

"काकाजी, दुखून राह्यलं, सोडा ना," पुनम म्हणाली.

"शीर चढली हाये. उतरवल्याशिवाय कशी सोडू?"

"सहन कर माय," लटारूभाऊ म्हणाले. ज्यांचा गुडघा मी धरला होता, तेच हे लटारूभाऊ! वर तापवलेल्या विटेचा शेक दिला आणि पाय मोकळा व्हावा म्हणून तिला अंगणात चालवले. मी तिथेच, दहा हातांवर, शेळीच्या गळ्यात होते. संध्याकाळी तिचा पाय सुजून टम्म झाला.

तिसऱ्या दिवशी गावात आरोग्याचे काम बघणाऱ्या आशा कार्यकर्त्या ज्योत्स्नाबाई आल्या. त्यांनी पाय पाहिला.

"तुमच्या गुडघ्याले लाथ मारली होती का भाऊ? मंग पोरीच्या पायाले काऊन?"

लटारूभाऊंनी शेकाची वीट पायाने खाटेखाली सारली.

"पट्टी कुठी हाये?"

पुनमने शेळीकडे बोट दाखवले.

मला धुऊन सावलीत वाळवले. ज्योत्स्नाबाईंनी पुनमला सगळे करून दाखवले: पहिले दोन दिवस चोळायचे नाही, शेकायचे नाही. गार पाण्याची घडी ठेवायची, पाय उशीवर उंच ठेवायचा. पट्टी बोटांकडून वर गुंडाळायची, पण बोटे निळी पडतील इतकी आवळायची नाही. पाऊल टेकतच नसेल तर सरळ दवाखाना.

हे पहिल्या दिवशी हवे होते. चाचणीच्या सकाळी गावातल्या मुलींची गाडी दारावरून गेली आणि पुनम खाटेवर बसून होती. ती रडली नाही. लटारूभाऊंना दिवसभर तिच्याकडे बघता आले नाही.

पंधरा दिवसांनी बैलगाडीतून उतरताना खुद्द गुणवंतरावांचा पाय मुरगळला. मित्रांनो, स्वतःला लाथ मारता येत नाही. दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते पुनमच्या दारात आले.

"मले दवाखान्यात नेऊन राह्यले," ते खाली बघत म्हणाले. "तोवर तुह्याजवळची पट्टी बांधून देतेस का, माय?"

मी रागाने नुसती ताठ झाले होते. मला आवळून तिला त्यांची बोटे निळी करता आली असती. तिने तसे केले नाही. बोटांकडून वर, एकेक वेढा नीट बसवत तिने मला गुंडाळले आणि विचारले, "बोटं सुन्न होते का, काकाजी?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मी तो घोटा नीट धरला. घोट्याचा काय दोष?

माझा राग मात्र गेलेला नाही. म्हणून एवढेच सांगते, मित्रांनो: मला धुऊन, गुंडाळून हाताशी ठेवा. आणि शेळीला दावे आणा.