आईचं डोकं

रविवारी आम्ही आईला भेटायला गेलो तेव्हा फाटकावरच्या बाईने माझ्या पर्समधली सेंटची बाटली काढून ठेवली. सेंट, आफ्टरशेव्ह, चुळा भरायचं औषध, यातलं काही आत नेऊ देत नसत. ज्याला तलफ येते तो काहीही पितो, हे ती बाई दर रविवारी नव्याने सांगायची आणि बाबा दर रविवारी नव्याने ओशाळायचे.

आई शिवणाच्या खोलीत होती. घरी ती पडदे शिवायची, दुकानांचे, ऑफिसांचे, मोठ्या घरांचे. व्यसनमुक्ती केंद्रात राहायला आल्यापासून तिथल्या चादरी आणि उशांचे अभ्रे तिच्याकडे आले होते. कात्री ऑफिसात कुलपात असायची आणि ती बाहेर काढली की कोणीतरी शेजारी येऊन बसायचं. त्या दिवशी शेजारी कोणी नव्हतं.

"आता मला एकटीला देतात," कात्री हवेत वाजवत ती म्हणाली. "हळूहळू नवऱ्यालाही एकटं सोडतील माझ्याजवळ."

बाबा हसले. आईला असं बोलताना मी बऱ्याच काळात ऐकलं नव्हतं. मग तिने खिडकीचा पडदा ओढला, कपाळ दाबलं आणि सकाळपासून डोकं दुखतंय, असं सहज म्हणाली.

बाबांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. मी फरशीकडे बघू लागले.

आमच्या घरात 'डोकं' हा काही दुखण्याचा शब्द नव्हता. आई दार लावून निजली की बाबा मला सांगायचे, आईचं डोकं उठलंय, आवाज करू नकोस. शाळेच्या कार्यक्रमाला ती आली नाही, डोकं. गिऱ्हाईक दारात उभं आणि पडदे अर्धवट बेतलेले, तेव्हाही डोकं. पिणाऱ्या पुरुषाला हवे तेवढे शब्द आहेत आणि त्यातले निम्मे हसत हसत म्हणता येतात. पिणाऱ्या आईला म्हणता येईल असा शब्द आमच्याकडे नव्हता. नातेवाइकांनीही आमचाच उचलला. "तिचं डोकं कसं आहे?" असं मावशी फोनवर आवाज खाली आणून विचारायची आणि बाबा तितक्याच खालच्या आवाजात "चाललंय" म्हणायचे. दारूचं नाव कोणी काढलं नाही. केंद्रात आईला दाखल करतानाही बाबा समोरच्या माणसाला 'त्रास' एवढंच म्हणत राहिले. शेवटी आईनेच मध्ये पडून स्वच्छ काय ते सांगितलं.

आईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अहो, खरंखुरं डोकं," ती म्हणाली. "या वेळी डोक्यातच दुखतंय."

बाबा "बरं" म्हणाले. ते 'बरं' मला ठाऊक होतं आणि तिलाही. तिने अभ्रा उलटा केला आणि शिवण तपासत बसली. मी माझ्या ऑफिसातल्या कुरबुरींचं काहीतरी काढलं. तिने दोनचार प्रश्न विचारले, एकदा हसलीही. आम्ही नेहमीपेक्षा लवकर उठलो. निघताना ती माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही चिमटीत धरून म्हणाली, पुढच्या रविवारी दुसरं काही घालून ये, हा पिशवीतून आण, शिवून देते.

सोमवारी पहाटे ती गेली.

केंद्राचे प्रमुख हॉस्पिटलच्या जिन्यात उभे होते. तिथे राहणारे सगळे त्यांना हेडमास्तर म्हणायचे. ते स्वतः एके काळी पिणारे, त्यामुळे त्यांना कोणी फसवू शकत नाही, असं आई कौतुकाने सांगायची. ते म्हणाले की रात्री जेवताना तिने त्यांनाही डोकं दुखत असल्याचं सांगितलं. मग तिला उलटी झाली, बोलणंही अडखळायला लागलं. त्यांनी श्वासातली दारू मोजणारं, फुंकायचं मशीन आणवलं. शून्य आलं. त्यांनी तिला पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

"मग गाडी काढली," ते म्हणाले. "आधी मशीन, मग गाडी. अडखळणारं माणूस दिसलं की माझा हात आधी मशीनकडेच जातो, ताई."

मी डॉक्टरांना गाठलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दारू होती का, मी विचारलं. नव्हती. अगदी थोडी? त्यांनी हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाले, अजिबात नव्हती. बाबा तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. पण ते वळले नाहीत.

मग घरी माणसं येऊ लागली आणि मला एका जागी बसवेना. पुस्तकांतली शोक करणारी माणसं खिडकीशी बसून असतात. मी खुर्च्या भिंतीला लावत होते, परत पुढे ओढत होते, उष्टे नसलेले कप विसळत होते, बेल वाजली नसताना दार उघडून बघत होते. कोणीतरी मला धरून बसवायचं आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की मी उठलेली असायची.

बाबा मात्र खुर्चीत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते. डोक्यात काहीतरी झालं. रविवारपासून डोकं दुखत होतं. मेंदूतली नस फुटली.

आणि प्रत्येक जण समजल्यासारखी मान डोलवत होता. मी दारातून ती मान बघत होते. ती जरा जास्तच हळू हलायची. मग नजर खाली, मग बाबांच्या खांद्यावर हात. आयुष्यभर बाबांनी हे वाक्य लोकांच्या गळी उतरवलं होतं. आज ते पहिल्यांदा खरं होतं आणि कोणी ते खरं म्हणून घेत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका कप ठेवता ठेवता म्हणाले की असल्या डोक्याला शेवटी औषध नसतंच हो. बाबा म्हणाले, "नाही ना."

मी बाबांना स्वयंपाकघरात बोलावलं. म्हटलं, लोकांना वाटतंय ती पिऊन गेली. त्यांना नीट सांगा.

"नीटच तर सांगतोय," ते म्हणाले. "एक शब्द खोटा नाही."

"पण त्यांना जुनंच ऐकू येतंय."

त्यांनी उगाच नळ घट्ट केला. गेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची का, असं काहीसं पुटपुटले. मी विचारलं, तुमचा तरी विश्वास आहे ना? ते नळाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी 'बरं' म्हणालो गं," आणि बाहेर जाऊन परत खुर्चीत बसले.

मी ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. बाहेर मावशीचा आवाज आला. आईची ही थोरली बहीण, दूरच्या गावाहून आत्ताच पोचली होती. ती रडत होती, खरीखुरी रडत होती, आणि रडता रडता म्हणाली, "सांगत होते मी. शेवटी डोक्यानंच घात केला तिचा. तिथे एवढं ठेवूनसुद्धा." काकांनी मान डोलवली. त्यांच्या बायकोने डोलवली. बाबांचीही मान हलायला लागलेली मला दिसली.

केंद्रात तिच्या एकटीच्या हातात कात्री दिली होती. त्या मशीनमध्ये तिने दोनदा फुंकलं होतं, डोकं फुटत असताना, तक्रार न करता. आणि या खोलीत त्याचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं.

मी ओलं फडकं हातात घेऊनच बाहेर आले. मावशीने मला जवळ घ्यायला हात पसरले. मी उभीच राहिले.

"मावशी, आई दारू प्यायची."

मावशीचे हात तसेच राहिले. काकांनी दाराकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "अगं." माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा लागला होता आणि तो खाली आणणं मला जमेना.

"तुला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, इथे बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. माझी आई दारू प्यायची. आणि मग तिने ती सोडली. रविवारी ती प्यायली नव्हती, गेली तेव्हाही प्यायली नव्हती. तिचं डोकं दुखत होतं."