बॉनेट बंद करून ऐका

आवाज टक-टक असा होता. आमच्या समितीचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

समिती म्हणजे आम्ही पाच जण. नोकरीसाठी चंडीगडला आलो, निवृत्त झालो आणि परत गेलोच नाही, असे मराठी लोक. सात वर्षांपूर्वी आम्ही मिळून एक जुनी डिझेल पिकअप घेतली, तिच्या हौद्यावर पत्र्याची खोली बसवली आणि आत भिंगं, चुंबकं, आरसे, तराजू असं सामान मांडलं. ही प्रयोगांची गाडी आठवड्यातून दोनदा पिंजोर आणि मोरनीकडच्या शाळांत जाते. प्रयोग मी दाखवते, कारण तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून माझी हौस फिटलेली नाही. गाडी मोहन चालवतो. तो मूळचा सोलनकडचा. पहिल्या दिवसापासून तोच आहे, आणि कुठल्या शाळेच्या फाटकातून गाडी उलटी घालावी लागते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दिवाळीनंतर गाडी टक-टक करायला लागली. उभी असताना जास्त, वेग घेतला की आवाज भराभर होऊन इंजिनाच्या घरघरीत बुडून जायचा. मोहनने तो फोनवर रेकॉर्ड करून पाठवला आणि मी तो समितीच्या ग्रुपवर टाकला. तिथेच चुकले.

डॉक्टर लीना यांनी कानाला फोन लावून ऐकलं आणि ठोका मध्येच चुकतोय असं निदान केलं. खजिनदारांच्या मोहालीतल्या मुलाने एका अ‍ॅपला तो आवाज ऐकवला. अ‍ॅप म्हणालं, इंजेक्टर खराब, खात्री त्र्याऐंशी टक्के. हे त्र्याऐंशी कुठून आले, असं मी विचारलं. उत्तर म्हणून अंगठा आला. सेक्टर ३९ मधले नरेंद्रजी, आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलेले शास्त्रज्ञ, त्यांनी तर आवाज पूर्ण ऐकलाही नाही. लिहिलं, "डिझेलमध्ये भेसळ आहे. इंजेक्टर ठोकतोय. क्लासिक केस."

एका मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला. टक-टक चालूच. दुसऱ्याने टाकी रिकामी करून धुतली, इंजेक्टर काढून तपासले, परत बसवले आणि सांगितलं की इंजेक्टर ठीक आहेत, पण इंजिनाच्या पंपाचं काही सांगता येत नाही. दोघांनीही आल्या आल्या बॉनेट उघडलं. समितीतले जे जे गाडी बघायला आले, त्यांनीही बॉनेटच उघडलं आणि आत डोकं घालून गंभीर चेहरे केले.

आवाजापासून माणसापर्यंत पोहोचायला ग्रुपला पाच संदेश पुरले. भेसळ आहे, तर डिझेल भरतं कोण? मोहन. कुठून भरतो? पंपावरून, पावत्या आहेत. पावत्या काय, कुणीही आणतं, हे नरेंद्रजींचं. त्यानंतर त्यांनीच लिहिलं, "रविवारी अकरा वाजता सुलोचनाताईंच्या घरी भेटू. दुसरा ड्रायव्हर बघितलेला बरा. माझ्या ओळखीत एक पंचकुल्याचा आहे." सुलोचनाताई म्हणजे मी.

मी फोन केला. "नरेंद्रजी, इंजेक्टर तपासले. ठीक आहेत. मग भेसळीचा पुरावा काय?"

"ताई, अनुभव."

"कसला? तुम्ही काचेवर काम करत होता."

"तत्त्व एकच असतं हो."

पाचवीतल्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला जवळ बसवून पुन्हा विचारलं असतं. नरेंद्रजी बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना कुठे बसवणार? वर्गात माझा एकच नियम होता: आधी काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगा, ते का झालं, हे नंतर. मुलांना हे आठवड्यात जमतं. मोठ्या माणसांना जमत नाही, कारण त्यांना 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते.

शनिवारी सकाळी मी मोहनला गाडी घरी आणायला सांगितली. बैठकीची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. तो आला, चावी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "मैडम जी, कल देनी ही है तो आज ही रख लो।"

"चावी खिशात ठेव," मी म्हटलं. "आज आपण ऐकायचं आहे."

"दो हफ्ते से सब सुन ही रहे हैं जी।"

"कुणी ऐकत नाहीये. सगळे बोलताहेत."

माझी नात रेवा शाळेला सुट्टी म्हणून अंगणातच होती. ती दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मोहन सवयीने पुढे गेला आणि बॉनेटच्या खटक्याला हात घातला.

"बॉनेट नको," मी म्हटलं. "ते बंद करूनच ऐकायचं. हँडब्रेक लाव, चारी चाकांना विटा लाव आणि इंजिन चालू कर. रेवा, तू आत बैस. आवाज कसला आहे ते सांगायचं नाही. कुठे आहे तेवढंच सांगायचं."

आमच्या गाडीत चढताना मुलांना चपला-बूट काढावे लागतात. मागच्या खोलीत चटई आहे म्हणून तो नियम. रेवाला तो इतका अंगवळणी पडलाय की ती पुढच्या केबिनमध्ये चढतानाही बूट काढून चढली. मी हसले नाही, हे नशीब. दोनच मिनिटांत ती खिडकीतून म्हणाली, "आजी, यह तो पैरों में आ रही है।"

"म्हणजे?"

"नीचे से। फर्श टिक-टिक कर रहा है। आगे से नहीं आ रही।"

मी चपला काढून तिच्या शेजारी बसले. खरंच. तळव्यांना ठोके लागत होते, एकसारखे, ड्रायव्हरच्या सीटखाली सगळ्यात जोरात. मग मी उतरून बॉनेटपाशी उभी राहिले. तिथे डिझेल इंजिनाची नेहमीची खडखड होती. आमची टक-टक तिथे नव्हती म्हटलं तरी चालेल. दोन आठवडे सगळे जिथे डोकं घालत होते, तिथे आवाज नव्हताच. तो केबिनमध्ये होता, आणि केबिनमध्ये बूट घालून बसलं की तो सगळीकडून येतोय असं वाटायचं.

मी मोहनला बागेतल्या पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा कापून दिला. एक टोक कानाला, दुसरं टोक गाडीच्या पोटाला. डॉक्टर छाती तपासतात तसं. तो सतरंजी टाकून गाडीखाली सरकला. रेवा केबिनमध्ये, मी दाराशी.

खालून मोहन म्हणाला, "पाइप है जी।"

"कुठली?"

"टंकी से इंजन को डीजल जाता है ना, वो वाली। चेसी पे बज रही है।"

चेसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. पंप डिझेल ठोक्याठोक्याने ओढतो, त्यामुळे ती पोलादी नळी सतत बारीक थरथरत असते. सांगाड्याला टेकली, की ती थरथर सगळी केबिन वाजवते.

"फडक्याने धर ती. हळूच, सांगाड्यापासून लांब."

"बंद हो गई," रेवा आतून म्हणाली.

"सोड."

"चालू।"

एकदा झालं म्हणजे खरं असं नाही, म्हणून मी हे पाच वेळा करायला लावलं. पाचही वेळा रेवाने खाली न बघता बरोबर सांगितलं. मला त्या क्षणी नरेंद्रजी समोर हवे होते.

"मोहन, नळी टेकलीच कशी? तिला आधार असेल ना?"

"तीन क्लिप होती हैं जी। रबड़ वाली। बीच वाली नहीं है।"

"नाहीये म्हणजे? कुठे गेली?"

मी इंजिन बंद करायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. मोहन बाहेर सरकला, उठून बसला, आणि पँटवरची धूळ झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपके डिब्बे में।"

मला आठवायला वेळ लागला नाही. लागला असता तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरमध्ये मोरनीच्या एका शाळेत ध्वनीचा प्रयोग करताना माझा लाकडी चिमटा मोडला होता. एक पोलादी सळई रबरात धरून वाजवायची. फक्त जवळच्या मुलाला ऐकू येते. मग तिचं टोक टेबलाला टेकवायचं. अख्ख्या वर्गाला ऐकू येतं. सळई तीच, ठोका तोच, पण आता टेबल वाजतंय. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. सळई धरायला रबराची पकड हवी होती. मी मोहनला म्हटलं होतं, गाडीखाली तसल्या क्लिपा असतात, एक काढून दे, तासाभरात परत लावू.

रेवाने माझा प्रयोगांचा पत्र्याचा डबा आणून उघडला. खडू, भिंग, सुतळी, आणि सळई; आणि सळईला रबराची काळी क्लिप. तो प्रयोग मी त्यानंतर अकरा शाळांत करून दाखवला होता. दिवाळीनंतरच्या प्रत्येक शाळेपर्यंत आमची गाडी गेली, आणि तिच्या पोटात तोच प्रयोग चालू होता.

"यह वाली?" रेवाने विचारलं.

"तीच," मी म्हटलं. मोहनला विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"बोला था जी। दो बार। आपने कहा अगले फेरे में लगा देंगे।"

"पण इतके दिवस हे लोक तुला काय काय म्हणताहेत. तेव्हा तरी बोलायचंस."

तो खरोखरच गोंधळल्यासारखा दिसला. "तब मुझे क्लिप का ध्यान ही नहीं आया जी। आपने ही कहा था, तीन में से एक निकली तो कुछ नहीं होता। आप साइंस की हो।"

मी ते म्हटलं होतं, अगदी त्याच शब्दांत. विचारलं असतं कुणी, तर पुरावा काय सांगितला असता? अनुभव.

मोहनने मला वाकायला लावून नळी दाखवली. मधला आधार गेल्यावर ती हळूहळू लोंबत दिवाळीपर्यंत सांगाड्याला टेकली होती. जिथे ती सांगाड्यावर घासत होती, तिथे नखाएवढा ठिपका आरशासारखा चकाकत होता. अजून एक-दोन महिन्यांत तिथे भोक पडलं असतं, आणि मोरनीच्या चढावर डिझेल गळालं असतं, नाहीतर शाळेत, मागच्या खोलीत मुलं असताना. त्याने क्लिप बसवली. इंजिन चालू केलं. रेवा आत जाऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "कुछ नहीं है।" झिजलेला तुकडा सोमवारी बदलून घ्यायचं ठरलं.

रविवारी अकराला समिती आली. मी चहा दिला नाही. सगळ्यांना अंगणात नेलं आणि नरेंद्रजींना म्हटलं, "बूट काढा आणि केबिनमध्ये बसा."

"बूट कशाला?"

"मुलं काढतात."

ते मोज्यांवर बसले. लीनाताई शेजारी चढल्या. मोहन गाडीखाली गेला. क्लिप सैल: टक-टक. क्लिप घट्ट: शांत. तीनदा झाल्यावर लीनाताई म्हणाल्या, "अगं, पायाला कळतंय."

"तरी एकदा डिझेलचा नमुना तपासून घेऊ," नरेंद्रजी म्हणाले.

मी डोळे मिटून दहा आकडे मोजले. वर्गात कधी पाचाच्या पुढे जावं लागलं नव्हतं.

"नरेंद्रजी, ती क्लिप मी काढली होती. माझ्या प्रयोगासाठी. ऑक्टोबरमध्ये."

"तुम्ही?"

"मी."

"मग ड्रायव्हरने आठवण करून द्यायला नको?" खजिनदार म्हणाले.

"करून दिली होती. दोनदा. आणि त्याचं नाव मोहन आहे."

सगळ्यांनी एकदम फोन काढले. ग्रुपवर नरेंद्रजींचा संदेश आला: 'आवाजाचा प्रश्न मिटला आहे.' खाली तीन अंगठे. ज्या ग्रुपवर माणसाला चोर ठरवलं, त्याच ग्रुपवर एवढंच. मी तिथेच उभी राहून, चष्मा नसल्यामुळे हळूहळू, लिहिलं: 'नळीची क्लिप मी काढली होती आणि परत लावायला विसरले. मोहनने दोन वेळा आठवण करून दिली होती. डिझेल चांगलं होतं, पावत्या खऱ्या होत्या. दुसरा ड्रायव्हर बघायचा नाही.' आणि संदेश जाईपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही.

नरेंद्रजी केबिनमधून उतरले, मोज्यांवर दोन पावलं चालले आणि गाडीखालून बाहेर आलेल्या मोहनसमोर थांबले. "मोहन जी," ते म्हणाले, "चाय पिओगे?"

"पी के आया हूँ जी," मोहन म्हणाला आणि हातातले पाने पुसायला लागला.

नरेंद्रजी तिथेच उभे राहिले. बूट घालायचेही विसरले. मग म्हणाले, "वो पावती वाली बात... वो मुझे नहीं लिखनी चाहिए थी।"

मोहनने मान हलवली. "चलो, पी लेता हूँ आधा कप।"

तेव्हा मी चहा टाकला.

आता गाडी निघण्याआधी मोहन दरवेळी माझा पत्र्याचा डबा मागून घेतो, माझ्यासमोर उघडतो आणि आतली एकेक वस्तू उचलून बघतो. सळई आता मी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात धरते, तोही तो हातात घेऊन विचारतो, "यह किसकी है जी?" रेवाची जुनी सायकल, मी सांगते. दर मंगळवारी, दर शुक्रवारी, तोच प्रश्न. मला उशीर होत असतो, मुलं फाटकावर वाट बघत असतात, आणि अस्सा राग येतो. तरी डबा मीच त्याच्यापुढे करते.