माझ्या दारावरच्या संख्यामालिका

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. बदलापूर पूर्वेला, शिरगावात, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी दरवाजासमोरच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. माझा रंग करडा. उजव्या दाराला आरसा आहे. डाव्या दारावरचा रंग मात्र अगदी मधोमध उडाला आहे. आमच्या जातीचा रंग कडीजवळ उडतो, नाहीतर पायांशी गंज धरून उडतो. माझा भलत्याच ठिकाणी उडाला. तो कसा, ते सांगतो. पण मला सगळे कळले आहे असे समजू नका. माझ्यासमोर जे घडले त्यातले अर्धे मला तेव्हा कळले नव्हते, आणि काही गोष्टी तर आजही उमगत नाहीत.

माझा जन्म उल्हासनगरचा. फर्निचरच्या बाजारामागे पत्र्याची एक शेड होती. तिथे मला कापले, वाकवले, जोडले आणि रंगाच्या वासात दोन दिवस वाळत ठेवले. मग दुकानाच्या तोंडाशी उभे केले. सन २००३च्या उन्हाळ्यात अंबरनाथच्या कारखान्यात काम करणारे धोंडिबा नावाचे गृहस्थ आले. बरोबर त्यांची मुलगी यशोधरा होती. तिचे लग्न ठरले होते. दुकानदार सिंधी, बोलायला मोठा गोड.

"साईं, पत्रा बजाके देखो. बेटी की बेटी भी यही कपाट वापरेगी," तो म्हणाला.

धोंडिबांनी मला तीनदा ठोकून पाहिले. यशोधराने ठोकले नाही. तिने दार उघडले, आतला लॉकर उघडला, बंद केला आणि म्हणाली, "बाबा, हेच. ह्याचा लॉकर नीट लागतोय."

लग्न झाले आणि टेम्पोतून मी शिरगावात आलो. घरात चार माणसे. सासू अंजनाबाई, मुलगा राजेंद्र, त्याची धाकटी बहीण स्वप्नाली आणि आता यशोधरा. मला कुठे ठेवायचे ते अंजनाबाईंनी ठरवले. कोणता कप्पा कोणाचा, तेही त्यांनीच ठरवले. लॉकरची चावी त्यांच्या कमरेला गेली. मी यशोधराबरोबर आलो होतो, म्हणून मी तिचा, असे मला वाटत होते. पण माझ्या पोटातल्या सर्वांत आतल्या जागेत हात घालायचा तर तिला विचारावे लागे. मग मी नक्की कोणाचा? मित्रांनो, माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

चार वर्षे तशी सुखाची गेली. आरशात सगळी डोकावत. आलेली पाहुणी मंडळी "कपाट छान आहे हं" म्हणत. दर रविवारी यशोधरा मला ओल्या फडक्याने पुसे.

मग २००७ साल आले. त्या वर्षी दुपारी वीज जायची. स्वप्नालीचे कॉलेज संपले होते आणि ती सरकारी खात्यातल्या लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आधी एकदा ती नापास झाली होती. बाकी सगळे जमे, बुद्धिमत्ता चाचणीत गाडी अडे, आणि त्यातही संख्यामालिकेत. वीज गेली की खोलीत अंधार होई. उघड्या दरवाजातून उजेड यायचा तो सरळ माझ्या अंगावर. एका दुपारी ती वैतागून उठली आणि खडूने माझ्या डाव्या दारावर लिहू लागली.

३, ५०, ६, ४५, १२, ४०, २४, आणि पुढे रिकामी जागा.

मला वाटले, ही माणसांची वये असावीत. एवढ्या माणसांची वये माझ्यावर कशाला? आणि शेवटच्या माणसाचे वयच कसे नाही?

"काय डोकं आहे का ह्या लोकांना!" स्वप्नाली म्हणाली. "वर जातंय, खाली येतंय, परत वर. नियमच नाही ह्याला."

यशोधरा खाली बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. बराच वेळ बघत राहिली.

"स्वप्नाली, ह्या दोन आहेत ग."

"दोन काय?"

"मालिका. दोघींना एकाच घरात कोंबलंय. एक सोडून एक बघ. तीन, सहा, बारा, चोवीस, ही दुप्पट होत चालली. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, ही पाच-पाचने उतरतेय. आता हिची पाळी. पस्तीस."

स्वप्नालीने पुस्तकाच्या मागे उत्तर पाहिले. पस्तीसच होते. ती वहिनीकडे बघत राहिली. यशोधरा पुन्हा तांदळात बोटे फिरवू लागली, जणू खडा निवडून बाजूला टाकावा इतके ते सोपे होते.

त्यानंतर रोज दुपारी दोघी माझ्यासमोर बसू लागल्या. खडू दोघींच्या हातात असे. कधी दोघी वेगवेगळ्या वाटेने जात आणि एकाच आकड्यावर पोचत. ४, ७, १३, २५, ४९ होते तेव्हा स्वप्नालीने प्रत्येक आकड्याची दुप्पट करून एक वजा केला. यशोधराने दोन आकड्यांमधला फरक काढला, ३, ६, १२, २४, तो दुप्पट होतो म्हणाली. दोघींचे उत्तर ९७. मला हे पटले. पण दुसऱ्या दिवशी स्वप्नालीने आपल्या मनाने २, ३, ५ लिहिले आणि दोघींची जुंपली. स्वप्नाली म्हणे पुढे ७, कारण ह्या मूळ संख्या. यशोधरा म्हणे ८, कारण मागच्या दोघांची बेरीज.

राजेंद्र कामावरची पाळी संपवून आला होता. शर्टाची बटणे काढता काढता त्याने विचारले, "मग बरोबर कोण?"

"दोघी," यशोधरा म्हणाली. "तीनच आकडे दिलेत ना. एवढ्यावर सांगता येत नाही."

मला हे मुळीच कळले नाही. दोन वेगळी उत्तरे आणि दोन्ही बरोबर? पण त्या दोघी हसत होत्या.

स्वप्नालीनेच वहिनीचा फॉर्म आणला. "वहिनी, तू बारावी झालीस, टायपिंग झालंय. भर ना. तू मला शिकवतेस आणि तूच घरी बसणार?" यशोधराने राजेंद्रकडे पाहिले. "भर की," तो म्हणाला. अंजनाबाई भाकरी थापत होत्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरात थापल्या गेल्या, एवढे मी ऐकले.

आता मित्रांनो, जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जाते.

परीक्षेची हॉल तिकिटे पोस्टाने येणार होती. स्वप्नालीचे मंगळवारी आले. घरात आनंद झाला. यशोधराचे गुरुवारी सकाळी आले. तेव्हा ती पाण्याच्या नळावर होती आणि स्वप्नाली बाजारात. पोस्टमनने पाकीट अंजनाबाईंच्या हातात दिले. त्यांनी वरचे नाव बोट ठेवून ठेवून वाचले. मग त्या माझ्यासमोर आल्या, मला उघडले, लॉकर उघडला आणि आत अंथरलेल्या कागदाखाली ते पाकीट सारून ठेवले. चावी फिरली.

मला वाटले, सांभाळून ठेवले. मौल्यवान वस्तू लॉकरमध्येच ठेवतात. संध्याकाळी यशोधराने विचारले, "आई, पोस्टमन आला होता का?" आणि अंजनाबाई म्हणाल्या, "नाही बाई." तेव्हा मी गोंधळलो. वस्तू माझ्यात आहे आणि घरात ती आलीच नाही म्हणतात, हे कसे?

दुसऱ्या दिवशी यशोधरा पोस्टात गेली. त्यानंतरही गेली. एकदा परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "तिथला माणूस म्हणतो, आलं असतं तर दिलं असतं. चार लोकांसमोर मी त्याला नाही नाही ते बोलले," ती स्वप्नालीला सांगत होती. आणि अंजनाबाई रोज, घरात कोणी नसले की, लॉकर उघडत, कागद उचलत, पाकीट आहे ना ते बघत आणि पुन्हा झाकत. नष्टच करायचे असते तर चूल पेटलेली होती. द्यायचे असते तर हात मोकळे होते. त्यांच्या मनात काय होते? आरशात मी त्यांचे तोंड रोज पाहत होतो. मला काही वाचता आले नाही. आणि मी लोखंडाचा. मला बोलता येत नाही, स्वतःहून उघडताही येत नाही.

असे नऊ दिवस गेले.

परीक्षा दोन दिवसांवर आली. शनिवारी दुपारी स्वप्नाली रडकुंडीला आली. "माझं काहीच होत नाही. सगळं विसरले." यशोधरा धुणे वाळत घालत होती. बादली तशीच ठेवून ती आत आली. पदराला हात पुसले, खडू उचलला आणि माझ्या दारावर मालिका लिहू लागली. एकामागून एक. "हे बघ, आधी फरक काढ. फरकाला अर्थ लागला नाही तर फरकाचा फरक काढ. तरी नाही तर एक सोडून एक. घाबरायचं नाही. पेपरात वेळ खाल्ला तर सोडून पुढे जा, मागून परत ये." तिच्याकडे स्वतःचे हॉल तिकीट नव्हते. तरी ती तासभर शिकवत होती. एकदाच तिने खोकल्यासारखे केले आणि पुढे चालू ठेवले.

अंजनाबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या. "सर जरा," म्हणाल्या. यशोधरा सरकली. त्यांनी मला उघडले. चावी लॉकरला लावताना दोनदा ती बाजूलाच घासली. मग पाकीट काढून त्यांनी सुनेसमोर धरले.

"गेल्याच्या गेल्या गुरुवारी आलं होतं. मी ठेवलं."



"आई!" स्वप्नाली ओरडली. "का?"

"तू एकदा नापास झालीस. ही पहिल्याच फटक्यात होईल. मग तू हिच्या तोंडाकडे कशी बघशील? ह्याच घरात राहायचंय ना दोघींना? मला वाटलं, राहू दे. एक परीक्षा गेली तर काय होतंय. रोज वाटायचं देऊन टाकावं. रोज..." त्यांचे पुढचे शब्द पदरात गेले.

"आई, मी पास झाले तर ते हिच्यामुळेच होणार आहे," स्वप्नाली म्हणाली. "कळतंय का तुला?"

यशोधराने पाकीट घेतले. फोडले नाही. ती हळू आवाजात बोलली, पण मी तिच्या पाठीशीच होतो, मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आई, तुम्ही 'जाऊ नको' म्हणाला असता तर मी भांडले असते. रडले असते. ते चाललं असतं. पण मी त्या पोस्टातल्या माणसाला चोर म्हणून आले. त्याची काय चूक होती?" मग ती म्हणाली, "चावी द्या मला. कपाट माझ्या बाबांनी दिलंय."

अंजनाबाईंनी चावी दिली.

सोमवारी दोघींनी परीक्षा दिली. जाताना वाट वाकडी करून यशोधरा आधी पोस्टात गेली आणि त्या माणसाची माफी मागून आली.

चार महिन्यांनी निकाल लागला. यशोधरा पास झाली. स्वप्नाली थोडक्यात राहिली.

म्हणजे अंजनाबाईंना ज्याची भीती होती नेमके तेच झाले. आणि त्यांनी सांगितले होते तसेच पुढेही झाले. स्वप्नाली वहिनीशी बोलेना. जेवण वाढून घेई, भिंतीकडे तोंड करून झोपे. मी पार चक्रावलो. पाकीट दडवणे चूक होते, हे तर मी डोळ्यांनी पाहिले होते. पण भीती तर खरी निघाली! मग त्या बाईंचे काय चुकले आणि काय बरोबर होते? चूक आणि बरोबर एकाच माणसात अशी आलटून पालटून का राहतात?

यशोधरा नोकरीला जाऊ लागली. उल्हासनगरला, एका सरकारी कचेरीत. सकाळी तिचा डबा अंजनाबाई भरून देत. माझ्या दारावर कोणी लिहीत नव्हते. धूळ बसली. आता मी नुसते कपाट होतो आणि मला ते आवडले नाही.

मग एका दुपारी घरात स्वप्नाली एकटी असताना तिने खडूचा तुकडा शोधून काढला. माझ्या दारावरची धूळ तळहाताने पुसली आणि लिहिले, ७, ८, १२, २१, ३७ आणि पुढे रिकामी जागा. बराच वेळ बसून राहिली. मग खडू माझ्या माथ्यावर ठेवून बाहेर निघून गेली.

संध्याकाळी यशोधरा आली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. तिची नजर दारावर गेली. ती जवळ आली. मला खात्री होती की ती उत्तर लिहिणार. तिला ते येत होते, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होते. पण तिने उत्तर लिहिले नाही. तिने खडू घेतला आणि आकड्यांच्या खाली, मधल्या जागांत, बारीक अक्षरात १, ४, ९ एवढेच लिहिले. खडू होता तिथे ठेवला आणि मोरीत पाय धुवायला गेली.

मला वाटले, हिला राग आहे, म्हणून अर्धेच लिहिले.

सकाळी यशोधरा गेल्यावर स्वप्नाली माझ्यासमोर उभी राहिली. ते छोटे आकडे तिने दोनदा वाचले. "एक एके एक. दोन दुणे चार. तीन त्रिक नऊ," ती पुटपुटली. मग पुढे तिने स्वतः १६ लिहिले, त्यापुढे २५. ३७ आणि २५ मिळवून रिकाम्या जागी ६२ लिहिले, आणि खडू इतका जोरात दाबला की माझ्या रंगाचा टवका निघाला. तिकडून अंजनाबाई म्हणाल्या, "काय ग, काय फोडलंस?"

"काही नाही," स्वप्नाली म्हणाली. "वहिनी किती वाजता येते आज?"

तेव्हा कुठे मला कळले की ते अर्धे सोडणे रागाचे नव्हते.

पुढच्या वर्षी स्वप्नालीही दुसऱ्या एका खात्यात लागली. आता ती सासरी, अंबरनाथला असते. मी म्हातारा झालो. पायांशी गंज आहे, आरशाला एक तडा आहे. राजेंद्र नवे कपाट घ्यायचे म्हणतो. घेऊ दे. पण एक प्रश्न मला सोडत नाही. त्या शनिवारी यशोधराने खडू उचलला नसता, तर अंजनाबाईंनी पाकीट दिले असते का? मी आजही कधी 'हो' म्हणतो, कधी 'नाही' म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कपाट असेल तर त्याच्या बिजागऱ्यांना वर्षातून एकदा तेल घाला, पावसाळ्यात त्याचे पाय कोरडे ठेवा. आणि आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणाच्या नावाचे पत्र आले, तर ते आमच्या पोटात ठेवू नका. ज्याचे आहे त्याच्या हातात, त्याच दिवशी द्या. आम्हाला ते फार जड होते.