होय, मी रुतवणारा रस्ता!

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे, पण माझ्यावरून कुणी कुठे जात नाही. टोलच्या महामार्गावर घाटाचा लांब उतार आहे. तिथे बाजूला, चढाकडे वळलेला, गोट्यांनी भरलेला एक फाटा दिसतो. तोच मी. ज्या गाडीचे ब्रेक निकामी होतात, तिने माझ्यात शिरायचे, रुतायचे आणि थांबायचे. रस्ता असून मी गाड्या रुतवतो, आणि याचा मला अभिमान आहे.

पूर्वी इथे अरुंद, नागमोडी वाट होती. मग डोंगर फोडून सहापदरी महामार्ग झाला आणि उताराच्या पायथ्याशी टोलनाका बसला. भरधाव उताराच्या शेवटी गाड्यांची रांग उभी राहणार, हे शहाण्यांच्या नंतर लक्षात आले! तेव्हा मला कमरेइतके खोल खोदले आणि नदीतले गोलसर गोटे भरले. असे गोटे एकमेकांना धरून बसत नाहीत, म्हणून चाक खाली जाते. पहिल्याच वर्षी मी सात ट्रक थांबवले. चालक माझ्या पाटीला हात जोडत.

पुढे गाड्या सुधारल्या आणि महिनोन्महिने कुणी येईना. महामार्गाच्या नव्या साहेबांच्या डोळ्यांत मी खुपू लागलो. शेजारचे पदर काळेभोर, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि मी ओबडधोबड. नावडतीचे मीठ अळणी! फक्त देखभालीच्या मुकादमबाई दर महिन्याला माणसे घेऊन येत आणि माझे गोटे खालीवर करत. धूळ साचून गोटे घट्ट बसले, की मी कामाचा उरत नाही.

महामार्गाला पंचवीस वर्षे झाली. वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून साहेबांनी माझ्यावर चक्क रोलर फिरवला. मी अंगणासारखा सपाट आणि घट्ट झालो. मला रडू नाही आले, संताप आला.

मुकादमबाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, हे काय केलंत? आता ट्रक इथे थांबायचा नाही, सरळ पलीकडे दरीत जाईल."

"बाई, वर्षभरात आलाय का एक तरी? पाहणी होऊ दे, मग करा तुमची उकराउकर."

"ब्रेक काय पाहणीची तारीख विचारून निकामी होतात?"

"हात लावलात तर उद्यापासून घरी बसा."

"बसते की. आज तर कामावर आहे ना?"

त्यांनी खोदाईचे यंत्र आणवले, माणसांच्या हाती दंताळी दिली आणि दिवसभरात मला पुन्हा मोकळे केले. संध्याकाळी साहेबांनी ओळखपत्र मागितले. बाईंनी ते गळ्यातून काढून दिले, बुटांची धूळ झटकली आणि त्या निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दुधाचा टँकर हॉर्न वाजवत उतारावरून सुटला. खाली नाक्यावर रांग होती, रांगेत प्रवाशांनी भरलेली बस होती. टँकर माझ्यात घुसला. त्याने माझी पाटी मोडली, गोटे उडवले, पण चाके बुडत गेली. माझे टोक दहा पावलांवर असताना तो थांबला.

चालक उतरला आणि माझ्या गोट्यांवरच बसला. त्याने घरी फोन लावला. "काही नाही गं, सहज केला. रुतलोय. अगं, रुतलोय म्हणून तर बोलतोय!"

साहेब धावत आले. त्यांनी चाकांच्या चऱ्या पाहिल्या, मग खालची रांग पाहिली. शेवटी म्हणाले, "बाईंना बोलवा."

बाई आल्या. साहेबांनी ओळखपत्र पुढे केले, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. "आधी सांगा, रोलर इकडे पुन्हा फिरकणार नाही."

"नाही फिरकणार, बाई. चुकलं माझं."

मग त्यांनी ओळखपत्र गळ्यात घातले आणि दंताळे उचलले.

मित्रांनो, मी ओबडधोबड आहे आणि तसाच राहणार. मला सजवू नका, माझ्यावर गाडी लावून फोटो काढू नका. टोल भरता ना? मग माझे गोटे सैल आहेत का, एवढे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.