फेस माझा नव्हता

मी किटली बोलतेय. खोटं वाटतंय ना? वाटू दे. माझ्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव! ॲल्युमिनियमची आहे, बूड काळं, अंगाला पोचे, तोंड मात्र शाबूत. ते कधी बिघडलंच नाही.

कारखान्यातून निघाले, दुकानात लटकले आणि सासूबाईंच्या हाती लागले. तेव्हा त्या स्वतःच सून होत्या. पण त्यांना तसं म्हणून दाखवायची कुणाची टाप आहे? माझं काम सोपं. खाली गॅस, पोटात पाणी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढीच माझी शाळा.

मग मागच्या माळावर कंपनी आली. जमिनीत खोल नळी घालायची, पाणी, वाळू अन् कसलीकसली औषधं जोरात दाबायची, खालचा खडक तडकवायचा आणि त्यातला गॅस वर ओढायचा, असा तो उद्योग. घरातला मुलगा तिथंच टँकर चालवायला लागला. नवा पंखा आला, नवी सून आली. सगळे खूश.

आणि एक दिवस माझ्या पोटात गुदगुल्या! आमच्या बोअरचं पाणी थंडगार, पण बुडबुडे असे की आत्ताच उकळी फुटलीय. चहाला फेस, वर रॉकेलसारखा वास.

सासूबाईंनी घोट घेतला नि तोंड वेंगाडलं. "किटलीत साबण राहिलाय. भांडी घासायला शिकवलं नाही वाटतं आईनं?"

सून सहा महिन्यांची गरोदर. तिनं मला लिंबानं घासलं, राखेनं घासलं, माझी सालटी काढली अगदी! तरी फेस. मग भांडं स्वच्छ आहे हे दाखवायला ती सासूसमोर कपच्या कप तोच चहा प्यायला लागली. डोकं धरून बसायची, ओकायची, परत प्यायची. हट्टी कार्टी!

मला बघवेना. म्हटलं, म्हातारपणी एक खोडी होऊन जाऊ दे.

सकाळी मला भरून ठेवलं होतं, झाकण गच्च, तोंडावर शिट्टीचं टोपण. आत पाण्यातून तोच माळाखालचा गॅस सुटत होता, तो मी पोटात साठवत बसले. सासूबाईंनी वाकून टोपण काढलं, लायटर दाबला आणि भप्प! माझ्या तोंडातून निळा जाळ. सासूबाईंची अर्धी भुवई गायब!

"अगं बाई, पाणी पेटलं!"

सून आधी हसली, मग घाबरली. सासूबाईंनी तिच्या हातातला पाण्याचा कप हिसकावून मोरीत ओतला. "एक थेंब प्यायचा नाही. कळलं?" मग खाली बघत म्हणाल्या, "आणि घासली होतीस छान."

दुपारी कंपनीचे साहेब आले. मला उलटी केली, हुंगली. "किटली जुनी आहे, बाकी काही नाही. हिला तपासायला नेतो. तुम्ही पाणी बिनधास्त वापरा."

"अहो, पाणी न्या की!"

"आधी किटली बघू."

"मग लायटर नळालाच लावून दाखवू?"

साहेब एका उडीत अंगणात! पण मला काखेत मारूनच.

आता मी त्यांच्या ऑफिसात, तू झाडायला येतेस त्याच खोलीतल्या कपाटात आहे. कपाळावर चिठ्ठी चिकटवलीय. मला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते इकडे फिरकत नाहीत. साहेब स्वतः बाटलीतलं पाणी पितात, एवढं मात्र बघून ठेवलंय.

जिवाला एकच घोर आहे. साहेब मला घेऊन निघाले तेव्हा मुलगा म्हणत होता, "आई, साहेब म्हणतात तर चांगलंच असेल पाणी. त्यांचीच भाकरी खातोय आपण." सासूबाई नळाशी पहारा तरी किती देणार? त्यांचा डोळा चुकला की हा सुनेला भरून देईल पेला.

तेव्हा एवढं कर. त्या घरी जा आणि त्याला विचार, किटली तर गेली, मग आता पातेल्यात फेस कुणाचा येतोय? घरात गॅस कोंडू नये म्हणून खिडक्या उघडायला लाव. बायकोसाठी दुसरीकडून पाणी आणायला सांग. टँकर काय नुसता कंपनीसाठीच चालवता येतो?

हसतेस काय, ऊठ! मी इथंच आहे, मला कोण नेतंय? तिला तहान लागायच्या आत पोचायचंय. जा आता.