उतारावरचं माप

"अण्णा, चमचा द्या," गुंडूराव बॉनेटखालून डोकं बाहेर न काढता म्हणाला.

वेणुगोपालरावांनी ऑइलने भरलेला चमचा पुढे केला. गुंडूरावने ते ऑइल प्लगच्या भोकातून तिसऱ्या सिलिंडरमध्ये सोडलं, दाब मोजायचा मीटर बसवला आणि त्यांना चावी फिरवायला सांगितली. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर या चमचाभर ऑइलने फट बुजते आणि मीटरचा काटा एकदम वर चढतो. काटा जेमतेम हलला.

"रिंगा घट्ट आहेत. इंजिन उघडायचं कारणच नाही."

"मग ऑइल जातंय कुठे?"

"तेच तर कळंना झालंय."

बसवनगुडीतल्या या गॅरेजात गाडी येऊन तीन दिवस झाले होते. पंचवीस वर्षांची गाडी महिन्याला दीड लिटर ऑइल पीत होती आणि रस्ताभर निळा धूर सोडत होती. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी तिच्याकडे नीट न बघताच 'इंजिन उघडा, नाहीतर भंगारात घाला' असं सांगून टाकलं होतं. शुक्रवारी आरटीओत तिची तपासणी होती. धूर बंद झाला नाही तर ती पास होणार नव्हती. एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या प्रणीतने, म्हणजे वेणुगोपालरावांच्या मुलाने, शनिवारी भंगारवाल्याला बोलावूनही ठेवलं होतं. प्रणीत समजूतदार आहे. समजूतदार माणसांना दुसऱ्याची अडचण फोनवरच सुटते.

अडचण वेणुगोपालरावांच्या बायकोची, हेमावतीबाईंची होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीतून त्या फक्त या बुटक्या गाडीच्या सीटवर आपल्या आपण सरकू शकत. प्रणीतच्या उंच गाडीत त्यांना दोघांनी उचलून ठेवावं लागे. "मला पोत्यासारखं उचलू नका," असं त्या एकदा म्हणाल्या आणि त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. ही गाडी गेली की त्यांचं बाहेर पडणं संपलं, एवढं वेणुगोपालरावांना स्पष्ट दिसत होतं. म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते रोज सकाळी गॅरेजात येऊन गुंडूरावच्या डोक्याशी उभे राहत होते.

गुंडूरावने हात पुसले आणि स्टुलावर बसून विचार केला. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला होता, त्यावर थेंब नव्हता. कंप्रेशन चारही सिलिंडरचं ठीक होतं. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेले होते, पण त्यांच्यामुळे महिन्याला दीड लिटर जाणार नाही. सगळं तपासून झालं होतं. तपासली नव्हती ती एकच गोष्ट, कारण ती वेणुगोपालरावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली होती: "ऑइल मापात आहे. आज सकाळीच मोजलंय."

हा माणूस चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता. त्याच्या मापावर शंका घ्यायची छाती अख्ख्या गांधी बझारात कुणाची नव्हती, मग गुंडूरावची कुठून असणार?

तो उठला. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी त्याने काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि वेणुगोपालरावांच्या हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर चढलं होतं.

"तुम्ही ओतलंत?"

"मी कशाला ओतू अण्णा?"

"घरी मोजलं तेव्हा खालच्या खुणेला होतं. मी वरपर्यंत भरून आणलंय."

"घरी गाडी कुठे उभी असते?"

"उतारावर," म्हणता म्हणताच वेणुगोपालरावांना उमगलं. हेमावतीबाईंच्या खुर्चीसाठी त्यांनी दारापर्यंत सिमेंटचा उतार करून घेतला होता. बायकोला दारातच बसता यावं म्हणून गाडी त्याच उतारावर, तोंड वर करून उभी असे. रोज सकाळी तिथेच ते पट्टी बघत. ऑइल इंजिनाच्या मागच्या बाजूला साचलेलं असे, पुढची पट्टी कमी दाखवी, आणि ते भर घालत.

"जास्तीचं ऑइल आत ताकासारखं घुसळलं जातं," गुंडूराव हळू आवाजात म्हणाला. "त्याचा फेस वरच्या पाइपातून परत सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. तोच हा धूर. स्वल्प चूक आहे, अण्णा. कुणाचीही होईल."

"कुणाचीही नाही. माझी."

चौतीस वर्षं ते दुकानदारांना एकच गोष्ट सांगत आले होते: आधी जागा सपाट करा, मग तराजू ठेवा. खिशात पाणसळ घेऊन फिरत. काउंटरवर ती ठेवून तिच्यातला हवेचा फुगा मधोमध येतो का ते बघत. बावीस वर्षांपूर्वी हयवदन नावाच्या किराणावाल्याकडे फुगा सरकला होता. "सर, फरशीच उतरती आहे, मला ठाऊक नव्हतं," असं तो परत परत सांगत राहिला. वेणुगोपालरावांनी तराजू जप्त केला आणि अहवालात 'हेतुपुरस्सर' असा शब्द लिहिला. तो शब्द लिहिताना त्यांचा हात जराही अडला नव्हता, हे त्यांना आता लख्ख आठवलं.

तेवढ्यात प्रणीतचा फोन आला.

"अप्पा, शनिवार फायनल ना? तो माणूस कन्फर्मेशन मागतोय."

"त्याला नको म्हणून सांग. गाडीत दोष नाही. मी दोन वर्षं उतारावर ऑइल मोजत होतो. जास्त भरत होतो."

"इट्स ओके अप्पा. होतं असं."

"होत नाही. मी केलं," वेणुगोपालराव म्हणाले आणि गुंडूरावकडे वळले. "चला, काढा ऑइल."

सव्वा लिटर निघालं. गुंडूरावने काजळी धरलेला पाइप पेट्रोलने धुतला आणि प्लग बदलले. सीलही बदलून टाकले, तेही इंजिनाचं हेड न उघडता. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सरकवायची, पिस्टन वर आणून ती दाबायची, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. ही युक्ती त्याच्या बापाची. संध्याकाळी गाडी सुरू झाली. आत राहिलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर आला, मग तोही थांबला. वेणुगोपालराव मागे उभे राहून पंधरा मिनिटं धुराच्या नळीकडे बघत राहिले.

शुक्रवारी गाडी पास झाली. शेजारच्या सीटवर हेमावतीबाई होत्या. कुणी उचललं नव्हतं, आपल्या आपण बसल्या होत्या.

"आता घरी?" त्यांनी विचारलं.

"गांधी बझारला. एका माणसाला काही सांगायचंय. मग तू म्हणशील तिथे."

हयवदनचं दुकान तिथेच होतं. केस पांढरे झाले होते आणि तराजू आता विजेवरचा होता. वेणुगोपालराव पायरीशी उभे राहिले.

"ओळखलंत?"

"तुम्हाला कोण विसरेल, सर," हयवदन म्हणाला. बसा म्हणाला नाही.

"तुम्ही त्या दिवशी खरं बोलत होता. फरशी उतरती होती आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. असं होऊ शकतं, हे मला या आठवड्यात कळलं. मी चुकीचं लिहिलं होतं."

हयवदनने हातातली पिशवी दोऱ्याने बांधली, गाठ मारली, दोरा तोडला.

"फरशी मी त्याच आठवड्यात सरळ करून घेतली, सर. तुम्हाला येऊन बघा म्हणायला दोनदा ऑफिसात आलो. तुम्ही आत होता, भेटला नाहीत."

वेणुगोपालरावांना ते आठवत नव्हतं. तेच त्यांना जास्त लागलं.

"आता बघतो," ते म्हणाले.

"बावीस वर्षं झाली. आता काय बघायचंय?"

"तरी."

गाडीत पाणसळ होती. गाडी घरी आल्यापासून ते ती रोज सपाट रस्त्यावर आणून, आधी पाणसळ ठेवून मगच ऑइल मोजत होते. पाणसळ घेऊन ते काउंटरच्या आत गेले. गुडघे कुरकुरले तरी खाली बसले आणि पाणसळ फरशीवर ठेवली. आधी आडवी, मग उभी. दोन्ही वेळा फुगा मधोमध येऊन थांबला.

"सपाट आहे," त्यांनी सांगितलं.

हयवदनने मान डोलावली. मग त्यांना उठवायला त्याने हात पुढे केला.