शेजारी राहणारे दोन आकडे

"खरी किल्ली चालते, हे मला दाखवू नकोस. खोटी अडते का, ते दाखव. रोज एक खोटी, स्वतःच्या हाताने बनवलेली. एक दिवसही चुकवायचा नाही."

ऑफिसात मला काम शिकवणाऱ्या मास्तरांचं हे सांगणं कानात घेऊन मी तीन वर्षं कामाला बसते आहे. ते निवृत्त झाले, पण नेम सुटला नाही. घरी प्रार्थना झाली की मी कुणाशी बोलत नाही. ऑफिसात येऊन त्या दिवसाची खोटी किल्ली तपासणीपुढे ठेवते, ती नाकारली गेली की मगच तोंड उघडते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे वादळ म्हणतात, कारण तो आधी लिहून मोकळा होतो आणि मग विचार करतो. तो म्हणतो, "तुमचं मौन सुटलं की चहा सांगायचा, एवढंच मला कळतं."

आम्ही दोघं गुप्त किल्ल्या तपासणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. ही किल्ली म्हणजे दोन मूळ संख्या, प्रत्येकी तीनशे अंकांच्या. दोघींचा गुणाकार जगाला दाखवायचा, त्या दोघी मात्र लपवायच्या. गुणाकारावरून त्या कुणाला शोधता येत नाहीत, सगळी मदार त्यावरच. कुठेही नवी किल्ली तयार झाली की आमची तपासणी विचारते: दोन्ही मूळ संख्या आहेत ना? गुणाकार बरोबर आहे ना? बाकीचे आकडे जुळतात ना? मग उत्तर येतं, 'योग्य' किंवा 'अयोग्य'.

त्या दिवशी चार वाजता आमची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. सकाळी खोटी किल्ली बनवताना मी पहिलाच आकडा दुसऱ्याच्या जागी उतरवला, त्याचे शेवटचे दोन अंक बिघडवले आणि घाईत भलतंच बटण दाबलं. यंत्राने माझा बिघाड इमानेइतबारे दुरुस्त केला. बिघडलेल्या आकड्याच्या पुढची सर्वांत जवळची मूळ संख्या शोधून तिथे बसवली आणि बाकीचं सगळं जुळवून दिलं. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी तपासणी चालवली.

'योग्य.'

तीन वर्षांत हा शब्द माझ्या खोट्या किल्लीला कधी मिळाला नव्हता. पुन्हा चालवलं, पुन्हा योग्य. मग दोन्ही आकडे एकाखाली एक लावले. शेवटचे काही अंक सोडले तर जुळ्या बहिणी.

शेजारी राहणाऱ्या दोन आकड्यांचा गुणाकार असेल, तर त्याचं वर्गमूळ त्यांच्या अगदी मधोमध पडणार. मी वर्गमूळ काढलं आणि दोन्ही बाजूंना चाचपायला लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही गुपितं पडद्यावर होती. आनंद झाला की भीती वाटली, ते मला आजही सांगता येणार नाही.

"चहा?" वादळाने विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली. किल्ली नाकारली गेली नव्हती, बोलायचं कसं? कागद ओढला आणि लिहिलं: दोन आकडे शेजारी असले तर आपली तपासणी हो म्हणते.

त्याने वाचलं. "असली किल्ली बनवेल कोण?"

मी खाली लिहिलं: मी बनवली. आत्ता. चुकून.

"अहो, तुम्ही नेमाने खोट्या बनवता. शहाण्या माणसाचं सांगा."

मी पडद्याकडे बोट केलं. त्याने खुर्चीसकट सरकत येऊन गुपितं पाहिली. मग त्याच्या बोटांना जोर चढला. दोन आकड्यांत पुरेसं अंतर हवं, असा चौथा प्रश्न त्याने तपासणीत घातला. मी कागदावर चुका दाखवायची, तो खोडून पुन्हा लिहायचा. "मुक्या माणसाशी भांडायचं तरी कसं?" असं मधूनमधून पुटपुटायचा. जेवणाची सुट्टी येऊन गेली. दोन वाजता माझी किल्ली आत सोडली.

'अयोग्य.'

"सुटलं," तो म्हणाला. "बोला आता. काय वाटेल ते बोला."

"वहिनींची पेटी," मी म्हणाले.

वहिनी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहेत. कुठल्या पिशवीत कोणत्या गटाचं रक्त, हे दवाखान्यांना कळवणारी नवी पेटी त्यांच्याकडे आली होती. तिने स्वतःची किल्ली स्वतःच बनवली होती, आणि आमच्या तपासणीने हो म्हटलं म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं, डोळे झाकून वापरा. ती किल्ली कुणाला सापडली, तर पेढीच्या नावाने खोटा गट कळवता येईल. चुकीचं रक्त चढलं की माणूस हातचा जातो.

पेटीचा गुणाकार उघडच होता. मी तो मागवला आणि वर्गमूळ काढलं. वादळ माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पेटीचे दोन्ही आकडे पडद्यावर आले. शेजारी.

"असली किल्ली बनवणारं आणखी कोणी आहे तर," तो हळूच म्हणाला.

मी फोन लावला.

"वन्सं? कामाच्या वेळी फोन? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. वहिनी, ती पेटी सुरू झाली का?"

"पाचला. मोठे डॉक्टर स्वतः बटण दाबणार आहेत. त्यांनी इस्त्रीचा कोट घातलाय आज."

"मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. तिची किल्ली कच्ची आहे. मी येईपर्यंत पेटी सुरू करू देऊ नका. पाचच्या आत तुमच्यासमोर नवी करून देते."

"डॉक्टरांना सांगू काय?"

"सांगा, नणंदेची चूक आहे."

"ते मी आनंदाने सांगेन," वहिनी म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पण नक्की याल ना? मी कुणाकुणाला थोपवू?"

"येते. शब्द देते."

पेटी बनवणाऱ्यांना कळवणं आणि चारची आवृत्ती चौथ्या प्रश्नासकट बाहेर काढणं वादळाने अंगावर घेतलं. घड्याळात तीनला दहा कमी होते. मी लॅपटॉप पिशवीत घातला, चपला अडकवल्या आणि कुणाचं लक्ष जायच्या आत जिना उतरू लागले.